समुद्री अंडी, अतिनील किरण आणि ‘मात्रे’चा घोळ

सी अर्चिनच्या (समुद्रतळावरचा काटेरी, गोल प्राणी) अंड्यांवर अतिनील दिवा धरण्याची पद्धत 1930च्या दशकापासूनची. त्या काळी समुद्राची काळजी हा विषयच नव्हता. पेशी कशी विभागते ते पाहायचे होते आणि ही अंडी हवी तेवढी मिळत, एकाच वेळी फलित करता येत. किरण लागलेल्या अंड्यांचे पहिले विभाजन लांबते, हे तेव्हाच दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बश्या ठेवल्या तर एकीतली अंडी दोनाची चार झालेली असत आणि दुसरीतली अजून एकसंध गोल. 1949मध्ये दृश्य प्रकाशात सूक्ष्मजीव अतिनील इजेतून सावरतात हे उघड झाले आणि लवकरच सी अर्चिनमध्येही तसेच आढळले. किती किरणांनी किती इजा होते, या पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ खरे तर इथेच आहे, पण तेव्हा ते कुणी फारसे मनावर घेतले नाही.

1974मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन या मानवनिर्मित वायूंमुळे अतिनील किरण अडवणारा ओझोनचा थर झिजेल असा इशारा आला आणि माशांच्या अंड्यांकडे लक्ष गेले. 1979च्या एका अभ्यासात अँकोव्ही आणि मॅकरेल यांच्या अंड्यांवर व डिंभांवर (अंड्यातून निघालेल्या पिल्लांवर) दिव्यांखाली यूव्ही-बी, म्हणजे अतिनीलमधले आखूड तरंगलांबीचे, जास्त इजा करणारे किरण सोडले होते. मेंदूला व डोळ्यांना इजा झाली, वाढ खुंटली. 1985मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाल्यावर असे प्रयोग भराभर होऊ लागले.

अडचण दिव्यांची होती. फ्लुरोसेंट सनलॅम्प यूव्ही-बी भरपूर देतो, पण यूव्ही-ए (अतिनीलमधले लांब तरंगलांबीचे, सौम्य किरण) आणि दृश्य प्रकाश त्या मानाने फारच कमी. म्हणजे इजा पुरेपूर आणि दुरुस्तीचे साधन काढून घेतलेले. त्यातून 280 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे थोडे किरणही निसटतात, जे सूर्याकडून पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत. ते अडवायला सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म लावत. ती दिव्याखाली काही तासांत खराब होऊ लागते, तिच्यातून जाणारा प्रकाश बदलतो. फिल्म कधी बदलली हे न लिहिणाऱ्या प्रयोगाचे आकडे मी तरी बेताने घेतो.

आणि ‘मात्रा’ म्हणजे नेमके काय? चौरस मीटरवर पडलेली ऊर्जा म्हणावी, तर 300 आणि 320 नॅनोमीटरच्या किरणांना एकच भाव मिळतो; प्रत्यक्षात डीएनएला इजा करण्याची त्यांची क्षमता सुमारे शंभर पटींनी वेगळी. म्हणून प्रत्येक तरंगलांबीला वजन देऊन बेरीज करतात. पण वजनांचा तक्ता कुठला? उघड्या डीएनएचा, त्वचेच्या लालीचा, की त्याच प्राण्याच्या अंड्याचा? तक्ता बदलला की तोच दिवा कधी सौम्य ठरतो, कधी जालीम. भरीस भर म्हणजे यूव्ही-बीची वरची हद्दच दोन ठिकाणी आहे: 1932मध्ये कोपनहेगनला 315 ठरली, पण समुद्रावर काम करणारे अनेकजण 320 धरतात. पाच नॅनोमीटर क्षुल्लक वाटतात, पण त्या पट्ट्यात सूर्यप्रकाश झपाट्याने वाढतो. आकडा फुगतो, इजा जवळपास तेवढीच राहते. शिवाय मंद किरण तासन्‌तास दिले किंवा प्रखर किरण मिनिटभर, एकूण ऊर्जा सारखी म्हणून परिणामही सारखाच, हे गृहीतक दुरुस्ती करणाऱ्या जिवंत अंड्याला लागू पडत नाही.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र सुधारले. सेंट लॉरेन्सच्या आखातातील कॉडच्या अंड्यांवर आणि कॅलॅनस या कोपेपॉडवर (पाण्यात तरंगणारा इवलासा कवचधारी जीव) सूर्यप्रकाशाला जवळ जाणारे वर्णपट वापरले गेले. यूव्ही-बीने मृत्यू होतात हे तिथेही दिसले, पण भक्षक आणि उपासमार यांच्या तुलनेत त्याचा वाटा लहान ठरला. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य हे किरण वरच्या थरातच शोषून घेते. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात यूव्ही-बी एखाद-दोन मीटरही खाली जात नाही, तर खुल्या, नितळ समुद्रात ते कितीतरी खोल पोचते. म्हणून अंडे तरंगते की बुडते, हा प्रश्न अनेकदा ओझोनपेक्षा मोठा असतो.

त्याच सुमारास सी अर्चिनकडे पुन्हा नजर वळली. शैवालातले मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ल, म्हणजे अतिनील किरण शोषणारे द्रव्य, मादी आहारातून साठवते आणि अंड्यांत उतरवते. ज्या अंड्यांत ते जास्त, त्यांचे विभाजन किरणांखाली कमी लांबते. त्यामुळे जुन्या प्रयोगांतल्या माद्या काय खात होत्या, हाही प्रश्न आता विचारावा लागतो. त्या नोंदी सहसा मिळत नाहीत.