पार्श्वभूमी : सिस्टिम जोडल्या, पण त्यातलं धुळे कुठलं?

वेगवेगळ्या सिस्टिममधला डेटा जोडताना ‘हे आणि ते एकच’ असं कधी म्हणायचं, एवढाच इथं प्रश्न. डेटाबेस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातल्या गोष्टी आणि त्यांची नाती मशीनला कळतील अशी मांडणी) हा शब्द एआयवाल्यांनी तत्त्वज्ञानातून उचलला, तेही सोडा. खरा खेळ १९९९ पासून, आरडीएफ ही वेबवर माहिती मांडायची पद्धत आली तेव्हा. प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत मांडायची, म्हणजे कोण, कुठलं नातं आणि कशाशी, आणि प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतःचा पत्ता. २००४ ला आऊल ही ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा आली, २००८ ला या माहितीला प्रश्न विचारायला स्पार्कल.

आऊलमध्ये ‘सेम-अ‍ॅज’ नावाचं एक नातं आहे, दोन पत्ते एकाच वस्तूचे आहेत असं सांगणारं. दिसायला गरीब, पण एकदा लावलं की एकाबद्दल खरं ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं, मशीन परत विचारत नाही.

आता आपल्याकडचं बघा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्हा २५ लाखांच्या वर, २००१ ला १७ लाख, नाव मात्र तेच. कुणी घाईत दोन्ही धुळ्यांना सेम-अ‍ॅज लावलं की शहादा, तळोदा, नवापूर कागदावर परत धुळ्यात, आणि रिपोर्ट बघणारा विचारतो एवढी माणसं गेली कुठं भो! त्यात हे नातं साखळीनं पुढं सरकतं, म्हणजे १९०६ ला खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्यातल्या पश्चिम खान्देशला कुणी जुनं धुळे म्हटलं, तर तो थेट आजच्या धुळ्याला जाऊन चिकटतो.

२००६ नंतर ठिकठिकाणचा डेटा वेबवर एकमेकांना जोडायची लाट आली तेव्हा हे नातं सढळ हातानं वापरलं गेलं. एक गट म्हणायचा, लिंक नसण्यापेक्षा ढिली लिंक बरी. दुसरा म्हणायचा, मग लॉजिक कशाला ठेवलं? मला दुसऱ्यांचंच पटतं, वर्षनिहाय वेगळे पत्ते आणि ‘यातून हा निघाला’ असं तारखेसकट नातं ठेवलं असतं तर निम्मी भानगड झालीच नसती. २००९ ला स्कॉसनं, म्हणजे शब्दसूच्या मांडायच्या पद्धतीनं, ‘जवळपास तेच’ म्हणायची सोय दिली खरी, शेतीची मोठी बहुभाषिक शब्दसूची त्यातच आहे, पण तोवर सवय लागली होती. वर २०११ ला सर्च इंजिनवाल्यांनी काढलेल्या शब्दसंग्रहात पुढं सेम-अ‍ॅज याच नावाचा गुणधर्म आला, तिथं त्याचा अर्थ फक्त ‘ओळख पटवणारं पान’ एवढाच.