जास्त व्होल्टेजची बॅटरी लावली की डिटेक्टर दुप्पट खोल जातो?

मेटल डिटेक्टरला मूळपेक्षा तगडी बॅटरी जोडा, तो दुप्पट खोल पाहील: हा सल्ला सोन्याचे खडे शोधणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

बहुतेक यंत्रांत बॅटरीच्या पाठोपाठ व्होल्टेज रेग्युलेटर असतो. वरून जास्त दिलंत तरी तो पुढे ठरलेलंच सोडतो. साधा लिनियर रेग्युलेटर असेल तर उरलेलं उष्णता होऊन जातं. मी एकदा असा बदल करून त्याच्या पत्र्याला बोट लावलं होतं. चटका बसला, खोली तेवढीच राहिली.

बरं, रेग्युलेटर सोडून देऊ. समजा कॉइलमधला, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह खरंच दुप्पट झाला. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र थोडं दूर गेलं की अंतराच्या घनाप्रमाणे विरतं आणि वस्तूकडून परतणारा संकेतही तसाच विरतो. जाता-येता मिळून सहावा घात! दुप्पट खोलीसाठी प्रवाह 64 पट हवा. नुसता दुप्पट केलात तर 25 सेंटीमीटरवर लागणारं नाणं फार तर 28 वर लागेल. त्यातच लोहयुक्त मातीचा गोंगाटही दुप्पट होतो, म्हणजे तेही तीन सेंटीमीटर बहुधा हातचे जातात.

खरी गळती कुठे असते? कॉइल झुलवण्यात. टोकाला जाताना ती चार बोटं वर उचलली जाते आणि तेवढी खोली तिथेच फुकट जाते. ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा संकेत वजा करणारी सेटिंग) नीट लावा, कॉइल जमिनीला घासेल इतकी खाली ठेवा आणि हात हळू चालवा.