चोचीत ओतलेलं पाणी कुठे जातं?

एप्रिलमधली दुपार. समोरच्या इमारतीतला सातवीतला मुलगा पळत दारात आला. "काका, गच्चीवर घार पडलीय बघा. पाणी पाजलं तरी उठंना." वर गेलो तर टाकीच्या कडेला ती पंख पसरून पडलेली, चोच उघडी आणि प्रत्येक श्वासाबरोबर आतून ओला, घरघरता आवाज. मुलाच्या हातात बाटली होती. त्याच्या आधी दोघातिघा मोठ्यांनीही तिच्या चोचीत पाणी ओतलं होतं. तासाभरात ती गेली.

मुलाला मी रागावलो नाही. आपल्या सोलापुरात उन्हाळा लागला की रांजण मांडून पाणपोई घालतात. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. पारा ४३-४४ अंशांवर गेला की घारी, बगळे, पारवे पडायला लागतात आणि पक्ष्याच्या चोचीत बाटलीने पाणी ओततानाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. खाली शेकडो जोडलेले हात. त्या पक्ष्याचं पुढे काय झालं, ते मात्र व्हिडिओत कधीच नसतं.

चोचीच्या आत काय आहे ते आधी पाहू. आपल्या श्वासनलिकेचं तोंड घशात खोल असतं आणि घास गिळताना त्यावर एक झाकण पडतं. पक्ष्यात ते तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं, चोच उघडली की दिसणारी एक छोटी चीर. तिच्यावर झाकण नाही. पक्षी स्वतः पाणी पितो तेव्हा स्नायू ती चीर मिटून घेतात. पण उन्हाने धापा टाकणारा पक्षी ती सारखी उघडत असतो. त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. ४०-४२ अंशांचं अंग थंड ठेवायला तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत सोडणं हाच त्याचा मोठा आधार. अशा वेळी बाहेरून ओतलेलं पाणी थेट त्या चिरेत शिरतं. आपल्याला जसा ठसका लागतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं, तसं त्याला जमत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपली फुप्फुसं भात्यासारखी फुगतात, आकसतात आणि हवा ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने परतते. पक्ष्याची फुप्फुसं जवळजवळ फुगतच नाहीत. ती लहान, घट्ट आणि पाठीकडच्या बरगड्यांत रुतलेली असतात. भात्याचं काम करतात पातळ पडद्याच्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत ९. पहिला श्वास घेतला की ताज्या हवेचा मोठा भाग आधी मागच्या पिशव्यांत जातो. उच्छ्वासाबरोबर तीच हवा फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून पुढे सरकते आणि तिथे ऑक्सिजन रक्तात जातो. दुसऱ्या श्वासाला ती पुढच्या पिशव्यांत येते आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. म्हणजे एका घोटभर हवेचा प्रवास पुरा व्हायला दोन श्वास लागतात, आणि त्या नळ्यांतून हवा नेहमी एकाच दिशेने वाहते, रहाटाच्या माळेसारखी. म्हणून श्वास आत येवो की बाहेर जावो, फुप्फुसाला ताजी हवा मिळत राहते. उंच, विरळ हवेतून थवे उडतात ते याच जोरावर. तिथे पाणी शिरलं की ही माळच अडते.

पिशव्या इथेच थांबत नाहीत. त्यांचे फाटे काही हाडांच्या पोकळीतही शिरलेले असतात. १७७४ साली जॉन हंटर या शल्यविशारदाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने कोंबडीची श्वासनलिका बांधून टाकली आणि पंखातलं दंडाचं हाड कापलं, तेव्हा त्या कापल्या हाडातून हवा आतबाहेर जाऊ लागली. मांज्याने पंख चिरून हाड उघडं पडलेल्या पक्ष्याला नळाखाली धरू नका, ते याचसाठी. दंडाच्या हाडात गेलेलं पाणी छातीत पोचतं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी तो विकला जातो याचा मला संताप येतो.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटलही, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदाही, नसतं. छातीचं हाड खालीवर हलतं तेव्हाच पिशव्या भरतात. म्हणून "सुटू नये" म्हणून दोन्ही हातांनी छाती आवळून धरलेला पक्षी आपल्या हातातच गुदमरतो.

मग करायचं काय? चादर हळूच अंगावर टाका. डोळे झाकले की तो बराच शांत होतो. घारीच्या पायांपासून आणि बगळ्याच्या चोचीपासून तोंड लांब ठेवा; बगळा डोळ्यावर नेम धरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं धोतर किंवा सुती साडी अंथरा. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल कितीही मऊ असला तरी इथे नको, त्याच्या फासांत नख्या अडकतात. खोकं सावलीत, शांत जागी ठेवा. दूध नको, भात नको, पाव नको. पक्षी ताठ उभा असेल तर पसरट ताटलीत पाणी समोर ठेवा. स्वतःहून प्यायला तर उत्तम. पडलेला असेल तर पाणी देणं हे पशुवैद्याचं काम: तो कातडीखाली सलाइन देतो किंवा त्या चिरेला वळसा घालून नळी सरळ अन्नमार्गात सोडतो.

आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो. तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. "बरा होईपर्यंत घरीच ठेवू" हे प्रेमापोटी असलं तरी चालत नाही.

घुबडाबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या पडक्या भिंतींतून गव्हाणी घुबडाचं पिल्लू खाली पडतं तेव्हा घारीसाठी धावणारी माणसं चार पावलं मागे सरतात. कुणी दगड उचलतो. घुबड दिसलं म्हणून घरात कुणी मरत नाही. त्याचं मुख्य खाणं उंदीर आहे, म्हणजे आपल्या धान्याची राखण ते फुकटात करतं. दुसरा गैरसमज असा की माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते. पक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही. घरट्यातून पडलेलं उघडंबोडकं पिल्लू घरटं सापडलं तर परत ठेवता येतं. पिसं फुटलेलं, टुणटुणत फिरणारं बुलबुलाचं पिल्लू तर बहुधा उडायला शिकत असतं. ते मांजरापासून वाचेल अशा झुडपात ठेवा.

वटवाघळाला मात्र उघडा हात कधीच लावू नका. कोणताही सस्तन प्राणी चावला तर जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजशी खेळ नको.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गवतात एकटं, निश्चल पडलेलं काळविटाचं पाडस दिसलं तर ते अनाथ आहे असं धरून चालू नका. पहिले काही दिवस आई त्याला असंच लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. आपण जवळ उभे असू तर ती येत नाही. आलेल्या पावली मागे फिरा. अंगावर जखम दिसली किंवा शेजारी मादी मरून पडलेली असेल, तरच फोन करा.