कोटीचं हेत्सी कसं झालं?

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला: मादागास्कर हा भारताचाच तुटलेला तुकडा, म्हणूनच तिथल्या भाषेत संस्कृत शब्द आहेत! खाली नमस्काराचे हात सात-आठ.

तुकडा तुटला हे खरं आहे. पण ते झालं साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी, आणि आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. तेव्हा संस्कृत बोलायला होतं कोण, डायनासोर? 'लेमुरिया' या बुडालेल्या खंडाचीही तीच गत. 1864 मध्ये स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने माकडांसारखे लेमूर आणि त्यांचे नातलग मादागास्कर आणि भारत दोन्हीकडे कसे, हे कोडं सोडवण्यासाठी तो कल्पिला. भूखंड सरकतात हे कळल्यावर त्याची गरजच उरली नाही. व्हॉट्सॲपवर मात्र तो अजून बुडायचा आहे.

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट असलेलं मादागास्कर बेट आफ्रिकेपासून फक्त चारशे किलोमीटरवर आहे. तरी तिथली मालागासी भाषा मुळात आफ्रिकेची नाही. तिची सख्खी बहीण सात हजार किलोमीटर दूर, बोर्निओत बारितो नदीच्या काठी बोलली जाणारी मा'आन्यान. नॉर्वेचे भाषाभ्यासक ओटो डाल यांनी 1951 मध्ये हे दाखवून दिलं.

कसं, तेच मला सांगायचंय. नुसते सारखे वाटणारे शब्द गोळा करून काही सिद्ध होत नाही. फरक नेमाने पडायला हवा. याच कुळातली, मलेशिया-इंडोनेशियाकडची मलय भाषा घ्या. कातडी म्हणजे कुलित, मालागासीत हुडित्रा. लाकूड कायु, इकडे हाझु. दोन्हीकडे क चा ह झाला. पाच म्हणजे लिमा, इकडे दिमी. कुलितमधल्या लि चाही डि झालाय, बघा. पण आकाश लांगित, इकडे लानित्रा. इथे ल तसाच, कारण पुढे इ नाही. शेवटच्या त चा मात्र पुन्हा त्रा. पांढरा पुतिह, इकडे फुत्सी: प चा फ, ति चा त्सि. उच्चार थोडे ढोबळ लिहिलेत, पण नियम पक्के आहेत.

आता आपला 'कोटी'. तो मलयमध्ये गेला 'केति' होऊन आणि वाटेत घसरून एक लाख उरला. मालागासीत लाखाला म्हणतात हेत्सी. क चा ह, ति चा त्सि! म्हणजे हे बदल पुरे होण्याआधीच शब्द भाषेत शिरला होता, आणि तोही थेट भारतातून नव्हे, मलय लोकांच्या हातून. बोर्निओतले सर्वांत जुने संस्कृत लेख, राजा मूलवर्मनचे यूप म्हणजे यज्ञाचे खांब, साधारण इ. स. 400चे. म्हणजे मादागास्करला गेलेली मंडळी त्यानंतरच बोर्निओतून निघाली असणार. फॉरवर्डमधला शब्द खरा निघाला, पण त्याने साक्ष दिली ती उलटी.

याहून मजा दिशांची. मलयमध्ये बारात म्हणजे पश्चिम, तिमुर म्हणजे पूर्व. मालागासीत अवारात्रा म्हणजे उत्तर, अत्सिमु म्हणजे दक्षिण. शब्द तेच, होकायंत्र काटकोनात फिरलेलं! अभ्यासकांचा उलगडा असा, की ही नावं मुळात वाऱ्यांची. जावा समुद्रात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, मादागास्करला उत्तरेच्या अंगाने. खलाशांनी वारा ओळखला आणि जुनंच नाव ठेवलं. (मा'आन्यान लोक मात्र समुद्रापासून आत, नदीकाठी राहतात. बहुधा त्यांचे पूर्वज मलय जहाजांवर हाताखाली काम करत आले असावेत.)

आफ्रिकाही या भाषेत आहेच. बैल 'उम्बी' बांटू भाषांमधून आला, वारांची नावं अरबीतून. 2012च्या जनुकीय अभ्यासानुसार आग्नेय आशियाकडून आलेल्या मूळ स्त्रिया जेमतेम तीसेक असाव्यात, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या. आठव्या ते दहाव्या शतकातल्या वस्त्यांच्या मातीत तांदूळ आणि मूग यांचे जळके दाणे सापडलेत.

भात तिथे आजही तिन्ही त्रिकाळ. भात काढून झाला की पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड तशीच ठेवून त्यावर पाणी ओततात आणि उकळतात. तांबूस रंगाचं, किंचित करपट वासाचं ते पाणी जेवताना पितात. त्याचं नाव रानुवुला. त्यातलं रानु म्हणजे पाणी, आणि मा'आन्यानमध्येही पाण्याला रानुच म्हणतात.