पिशवी काढली, मग कंबर का दुखते?

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बोलण्यात ‘माझी पिशवी काढलीय’, म्हणजे गर्भाशय काढलंय, हे वाक्य दाढ काढल्यासारखं सहज येतं. २०१९ मध्ये राज्य सरकारने याच्या चौकशीसाठी आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा बायकांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

इतक्या बायकांना कर्करोग झाला नव्हता. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त रक्तस्राव अशाच तक्रारी बहुतेकींच्या असतात. उसाच्या फडाच्या कडेला कोपी (झोपडी), संडास नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही. तिथे जंतुसंसर्ग होणारच. तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. जास्त रक्तस्रावावरही औषधं आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत. पण त्यासाठी तपासणी, पुन्हा तपासणी आणि थोडी विश्रांती लागते. नेमकं तेच परवडत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यात ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती कुणी घातली, की बाई ऑपरेशनला तयार होते. पाळीची कटकट नको, खाडा नको. हा निर्णय तिचा म्हणायचा, पण हिशेब उचलीचा असतो.

आता शरीरात काय होतं ते पाहू. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर त्यांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम घटतं. एरवी पंचेचाळिशीच्या पुढे हळूहळू येणारी रजोनिवृत्ती (पाळी कायमची थांबणं) पस्तिशीतल्या बाईला दोन-चार दिवसांत येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड वाढते. मोठं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. आपलं हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असतं. झिजवणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. तो आवर सुटला, की भर कमी पडते आणि हाड आतून विरळ होत जातं. पहिली काही वर्षं ही झीज सर्वांत वेगाने होते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून इतक्या लहान वयात अंडाशयं काढावीच लागली, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार व्हायला हवा. फडावरच्या किती बायकांना हे कुणी सांगितलं असेल?

अंडाशयं ठेवली तरी सगळं सुटत नाही. त्यांना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतून येतो. कदाचित त्यामुळेच अशा बायकांची रजोनिवृत्ती सरासरी काही वर्षं लवकर येते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. इथे पहाटे फड गाठायचा, ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एकेक मोळी चांगलीच जड. कंबर, गुडघे बोलू लागतात. बाईचं काम मंदावतं, कोयत्याचं टनेज (तोडलेल्या उसाचं वजन) घटतं, उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामावर चढते. खाडा टाळायला केलेल्या ऑपरेशनने कायमचाच खाडा मागे लावलेला असतो. आईच्या जागी मग मोठी मुलगी उभी राहते. तिची शाळा सुटते, नाहीतर लवकर लग्न लावून नवा कोयता जोडला जातो. बीडमध्ये मुलींची लग्नं इतक्या लवकर का होतात, याच्या कारणांत आईची कंबरही मोजली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांची पिशवी गेलीच आहे, त्यांच्यासाठी पहिला प्रश्न साधा आहे: अंडाशयं ठेवली की काढली? दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ते लिहिलेलं असायला हवं. कार्ड हरवलं असेल, तर सोनोग्राफीतून बऱ्याचदा कळतं. काढलेली असतील, तर सरकारी रुग्णालयात रक्तदाब तपासून घ्यावा, हाडांच्या घनतेची तपासणी कुठे होईल ते विचारावं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल बोलावं. वय कमी असेल, तर हार्मोनबद्दल स्वतःहून विचारावं.