सूचनापेटी आणि आढावा: सैन्यात खालून वर येणाऱ्या सुधारणांच्या दोन वेगळ्या वाटा

सैन्यातल्या एखाद्या वरिष्ठाला विचारलं की तुमच्याकडे खालच्या हुद्द्यांवरच्या माणसांचं ऐकून घेतात का, तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘आमच्याकडे सूचना योजना आहे, कोणीही अर्ज करू शकतो’ किंवा ‘प्रत्येक सरावानंतर आढावा होतो, त्यात शिपायापासून सगळे बोलतात.’ दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. पण एक असलं की दुसरं आपोआप आलंच, असं गृहीत धरलं जातं आणि घोळ तिथे होतो. सूचना योजना शिपायाला विचारते, ‘तुला काय सुचतंय?’ आढावा विचारतो, ‘तिथे काय झालं?’ पहिल्याचं उत्तर द्यायचं तर डोक्यात कल्पना तयार असावी लागते. दुसऱ्यासाठी माणूस तिथे हजर होता एवढं पुरतं.

1898 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘सिला’ या युद्धनौकेवर कॅप्टन पर्सी स्कॉट नेमबाजीचा सराव पाहत होते. त्या काळी डोलत्या जहाजावरून नेम धरायची रीत ठरलेली होती. तोफेचा कोन एकदा लावायचा, मग जहाज कलत कलत नेम लक्ष्यावर येईल तो क्षण पकडायचा आणि तोफ डागायची. समुद्र खवळलेला असला की बहुतेक गोळे पाण्यात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं, फक्त एका तोफचीचे नेम इतरांपेक्षा बरेच बरे लागत होते. स्कॉट यांनी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की जहाज डोलेल तसा हा गडी तोफेचा कोन बदलणारं चाक थोडं पुढे, थोडं मागे फिरवतोय आणि नेम लक्ष्यावर टिकवून ठेवायला बघतोय. आपण काही वेगळं करतोय याची त्याला स्वतःलाच कल्पना नव्हती.

स्कॉट यांनी मग चाकाचे दाते बदलून ते हलकं फिरेल असं केलं, दुर्बिणीचा नेम बसवला, सरावासाठी वेगळं उपकरण बनवलं. पुढच्या वर्षीच्या नेमबाजीत ‘सिला’चे सुमारे 80 टक्के गोळे लक्ष्यावर लागले. आता त्या जहाजावर सूचनापेटी टांगलेली असती तर या तोफचीने तिच्यात काय टाकलं असतं? काहीच नाही. त्याच्या हाताला जे कळत होतं ते त्याच्या डोक्यात कल्पना म्हणून उतरलेलंच नव्हतं. अशी माहिती बाहेर काढायची तर घडलेल्या गोष्टीकडे कोणीतरी बारकाईने पाहावं लागतं आणि ‘या एकाचेच नेम का लागले?’ असं विचारावं लागतं. आढाव्याचं काम नेमकं हे आहे.

सूचनेचा स्वभाव वेगळा. 1944 च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अमेरिकी रणगाडे शेतांच्या बांधांशी अडून बसले होते. हे बांध म्हणजे शतकानुशतकं मुळांनी घट्ट झालेले मातीचे उंचवटे, वर दाट झाडी. रणगाडा त्यावर चढू लागला की त्याचं पातळ पोट शत्रूच्या तोफेसमोर उघडं पडायचं. यावर तुकडीत चर्चा चालू असताना एक सैनिक म्हणाला, ‘रणगाड्याच्या तोंडाला करवतीसारखे दात लावून बांध कापत का जाऊ नये?’ बाकीचे हसले. सार्जंट कर्टिस क्यूलिन हसले नाहीत. त्यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि लोखंड मिळालं ते जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांमधून. तिथल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल ब्रॅडली यांनी प्रात्यक्षिक पाहिलं आणि दात बनवण्याचा हुकूम सुटला. जुलैच्या शेवटी मोठी चढाई झाली तोवर पाचातल्या तीन रणगाड्यांना दात बसले होते, असं ब्रॅडली यांनी नंतर नोंदवलं आहे.

ही गोष्ट सांगताना क्यूलिन यांच्या कल्पकतेचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. तशाच युक्त्या त्या सुमाराला इतर तुकड्यांतही निघाल्या होत्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती कल्पना इतक्या झटपट वर पोचली, कारण वरचे लोकही त्याच बांधांनी हैराण झाले होते. सार्जंटची अडचण आणि जनरलची अडचण एकच होती. शांततेच्या काळात असं क्वचित होतं. शिपायाला खुपणारी गोष्ट वरच्या टेबलावर पोचेपर्यंत पाचव्या क्रमांकाची झालेली असते. म्हणून अर्ज, समिती, बक्षीस, शेरा अशी यंत्रणा उभी करावी लागते. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने ‘जेम्स’ नावाची सूचना योजना चालवली. अमेरिकी लष्करात तर नियमपुस्तिकेतली चूक दाखवायला वेगळा छापील नमुना आहे, क्रमांक 2028. पान, परिच्छेद, ओळ, काय बदलावं आणि का, हे त्यात भरायचं. वरकरणी रुक्ष कागद, पण सूचनेला काय लागतं ते त्यात अचूक पकडलं आहे: नेमकी जागा, नेमका बदल, आणि ठरलेला पत्ता.

या वाटेवर सूचना मरते ती बहुधा नकाराने नव्हे, उत्तरच न आल्याने. विल्यम सिम्स हे अमेरिकी नौदलातले लेफ्टनंट चीनच्या समुद्रात नेमणुकीवर असताना स्कॉट यांना भेटले, नवी पद्धत शिकले आणि वॉशिंग्टनला एकामागून एक अहवाल पाठवू लागले. सुरुवातीला उत्तरच आलं नाही. पुढे आलं ते असं, की हे शक्यच नाही, आम्ही चाचणी घेऊन पाहिली आहे. चाचणी घेतली होती वॉशिंग्टनच्या गोदीत, पक्क्या जमिनीवर! जहाज डोलत असताना तोफ आपल्या जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि चाक फिरवणाऱ्याला त्याची मदत होते. जमिनीवर मात्र ते सगळं वजन त्यालाच हलवावं लागतं. शेवटी 1901 मध्ये सिम्स यांनी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं आणि 1902 मध्ये त्यांची नेमबाजीचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. लेफ्टनंटने सगळी साखळी ओलांडून राष्ट्राध्यक्षांना लिहिणं हा शिस्तभंगच म्हणायचा. तो त्यांना पचला. एखाद्या साध्या खलाशाला पचला असता का, याची मला शंका आहे.

म्हणजे सूचनेत एक अवघडलेपण असतंच. ‘हे असं केलं तर बरं’ याचा अर्थ ‘आत्ता जे चाललंय ते बरं नाही’ असाही होतो, आणि जे चाललंय ते कोणा वरिष्ठाने ठरवलेलं असतं. त्यात सूचनेवर नाव घालावं लागतं. नाव नसेल तर खुलासा कोणाला विचारणार आणि श्रेय कोणाला देणार?

आढावा याच अडचणीला बगल देतो. त्याचं आजचं रूप, ‘आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू’, अमेरिकी लष्करात 1970 च्या दशकात आकाराला आलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी एक पद्धत वापरली होती. नोव्हेंबर 1943 मध्ये प्रशांत महासागरातल्या माकिन बेटावरच्या लढाईनंतर त्यांनी वाचलेल्या सैनिकांना एकत्र बसवलं आणि हुद्दा न पाहता प्रत्येकाला विचारत रात्रीची चकमक क्रमाने जुळवली. किती सैनिक प्रत्यक्ष गोळी झाडतात याचे मार्शल यांनी दिलेले आकडे पुढे वादात सापडले आणि त्यांवर आज विसंबता येत नाही. पण लढलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारायची ती रीत टिकली.

खरा बदल झाला तो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, फोर्ट अर्विनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात. त्याआधी सरावानंतर पंच उभा राहून तुमचं काय काय चुकलं ते सांगायचा आणि बाकीचे खाली मान घालून ऐकायचे. सरावात कोण मेलं यावरही हुज्जत चालायची: ‘मी तुला आधी मारलं’, ‘नाही, मी आडोशाला होतो.’ फोर्ट अर्विनमध्ये शस्त्रांना लेझर आणि माणसांना, रणगाड्यांना ते टिपणारे संवेदक बसवले गेले. कोणाला गोळी लागली हे यंत्रच सांगू लागलं. समोर शत्रूची भूमिका करणारी कायमची तुकडी, आणि सोबत सगळं पाहणारे निरीक्षक. ‘काय झालं’ यावरची हुज्जत बरीच मिटली आणि ‘का झालं’ यावर बोलायला वेळ मिळू लागला.

बैठकीचे प्रश्न चारच. काय व्हायचं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी काय करायचं? निरीक्षक उत्तरं सांगत नाही, विचारत जातो. समजा, कंपनी कमांडर म्हणतो की डावीकडच्या प्लाटूनला, म्हणजे कंपनीतल्या एका लहान तुकडीला, हलण्याचा हुकूम दिला होता. प्लाटून कमांडर म्हणतो, मिळाला नाही. अशा वेळी रेडिओवर बसलेल्या शिपायाला विचारलं की कळतं, टेकडीमागे गेल्यावर संपर्क तुटला होता आणि ते सांगायला धाडलेला माणूस वाटेतच ‘मेला’ होता. ही माहिती त्या शिपायाशिवाय कोणाकडेच नव्हती. ती सांगताना तो कोणावर टीका करत नाही, स्वतःला काय दिसलं तेवढंच सांगतो. हुद्द्याचा अडसर इथे बराच सैल होतो.

पूर्ण जात मात्र नाही. कमांडरने सुरुवातीलाच ‘मला वाटतं रेडिओवाल्याने हलगर्जीपणा केला’ म्हटलं, की बैठक तिथेच संपली. म्हणून कनिष्ठांना आधी बोलू द्यावं. यात नवं काही नाही. कोर्ट मार्शलमध्ये मत नोंदवताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करण्याची प्रथा अनेक सैन्यांत जुनीच आहे, आणि कारणही हेच.

आढावा घेण्यासाठी लढाई संपायची वाट पाहायला हवी असंही नाही. चीनच्या कम्युनिस्ट सैन्यात जानेवारी 1948 च्या एका पक्षनिर्देशात माओ यांनी ‘लष्करी लोकशाही’ची कल्पना मांडली होती. शत्रूच्या ठाण्यावर हल्ला कसा करायचा यावर आघाडीवरच्या कंपन्यांनी लहानमोठ्या बैठका घेऊन सैनिकांशी आधीच चर्चा करावी, असं त्यात आहे. राजकारण बाजूला ठेवून पाहिलं तर प्रश्न हुशारीने विचारलेला आहे. ‘काही सूचना?’ असं मोघम विचारलं की सगळे गप्प बसतात. ‘समोरच्या त्या ठाण्यावर उद्या कुठून चढायचं?’ असं विचारलं की सगळ्यांना तोंड फुटतं.

या दोन वाटांची गल्लत झाली की नुकसान दोन्हींचं होतं. आढाव्यातली माहिती वार्षिक गोपनीय अहवालात जाते असा नुसता संशय जरी आला, तरी पुढच्या बैठकीत सगळं ‘ठीक झालं’ असतं. त्यामुळे शिकण्याची बैठक आणि मूल्यमापन वेगळं ठेवायचं, यात तडजोड नको. उलट, सूचनापेटीत जर जेवण, रजा आणि बदल्यांच्याच चिठ्ठ्या येत असतील, तर तक्रारीची रीतसर वाट तुंबली आहे असं समजावं. तक्रार ही तिसरीच गोष्ट. भारतीय लष्करात तिच्यासाठी कायद्याने दिलेली दाद मागण्याची सोय आहे, शिवाय सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसरपुढे बोलता येतं. सूचनेवर विचार करणारा माणूस आणि तक्रारीचा निवाडा करणारा माणूस एकच असला, तर पहिलं काम मागे पडतं.

दोन्ही वाटा जिथे जुळतात तिथे सगळ्यात जास्त गळती होते. नाटोच्या लिस्बन इथल्या केंद्रात, जे 2002 पासून अशा अनुभवांचं विश्लेषण करतं, ‘ओळखलेला धडा’ आणि ‘शिकलेला धडा’ असा फरक करतात. कारण सापडलं, उपाय सुचला, कागदावर आला, तरी धडा फक्त ओळखलेला असतो. कामाची पद्धत खरोखर बदलली की मग तो शिकलेला. वरच्या रेडिओच्या उदाहरणात टेकडीमागे जाण्याआधी संपर्क तपासायचा आणि निरोप्या एकाऐवजी दोन पाठवायचे, हे प्लाटून उद्यापासूनच करू शकते. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण रेडिओच जर डोंगराळ भागाला अपुरा असेल तर ते प्लाटूनच्या हातात नाही. तिथे आढावा संपतो आणि सूचना सुरू होते: नेमकी जागा, नेमका बदल, ठरलेला पत्ता. तो कागद कोण लिहिणार, कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार आणि आलेलं उत्तर त्या रेडिओवाल्या शिपायाला कोण कळवणार, एवढं बैठक उठायच्या आत ठरवून घ्यावं लागतं.