लोकसभेची मतमोजणी: इंदुरात मतमोजणी प्रतिनिधी व्हायचे असल्यास

इंदूर लोकसभा मतदारसंघात देपालपूर, इंदूर-1 ते इंदूर-5, राऊ आणि सांवेर असे आठ विधानसभा विभाग येतात. प्रत्येक विभागाची मते सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतंत्रपणे मोजली जातात आणि आठही विभागांची बेरीज झाल्यावरच लोकसभेचा निकाल ठरतो. 2024 मध्ये हे काम नेहरू स्टेडियमवर झाले. ही मोजणी टेबलाशेजारी बसून पाहण्याचा अधिकार उमेदवाराच्या वतीने मतमोजणी प्रतिनिधीला मिळतो. आपल्याकडच्या मराठी वस्त्यांमधून मतदान केंद्रावर बसणारे कार्यकर्ते पुष्कळ निघतात, परंतु मोजणीच्या टेबलाजवळ नेमके काय तपासायचे याची तयारी त्यामानाने कमी असते.

या नेमणुकीसाठी कायद्याने शिक्षणाची अट घातलेली नाही आणि प्रतिनिधी त्याच मतदारसंघाचा मतदार असलाच पाहिजे, असेही नाही. वय मात्र 18 वर्षे पूर्ण असावे. केंद्रातील किंवा राज्यातील मंत्री, खासदार, आमदार, महापौर, नगरपालिका वा जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष, तसेच ज्यांना सरकारी सुरक्षा आहे अशा व्यक्तींना प्रतिनिधी होता येत नाही. शासकीय सेवकाने हे काम केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 134-क नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा नोकरीत असलेल्या भाच्याला किंवा जावयाला हौसेने पुढे करू नये.

नेमणूक प्ररूप 18 मध्ये होते. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते. प्रतिनिधींच्या छायाचित्रांसह हा अर्ज दोन प्रतींत तयार करून एक प्रत मोजणीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सायंकाळी 5 वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवावी लागते, आणि त्याआधारे ओळखपत्र दिले जाते. दुसरी प्रत प्रतिनिधीने स्वतःजवळ ठेवून मोजणी सुरू होण्याच्या किमान एक तास आधी हजर करायची असते. मोजणी साधारणतः सकाळी 8 वाजता सुरू होत असल्याने सातनंतर धावत येणाऱ्याला आत घेण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. आत शिरण्यापूर्वी मतदानाची गुप्तता राखण्याच्या घोषणेवर सही करावी लागते. ऐनवेळी माणूस बदलायचा झाल्यास मोजणी सुरू होण्यापूर्वी प्ररूप 19 भरून आधीची नेमणूक रद्द करता येते.

मोबाइल दालनात नेता येत नाही. न्यायचे ते पेन, कागद आणि प्ररूप 17-ग च्या प्रती. माझ्या मते ओळखपत्राखालोखाल महत्त्वाचा कागद हाच. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्या केंद्रावर नोंदवलेल्या मतांचा हिशेब या प्ररूपाच्या पहिल्या भागात लिहितो आणि त्याची साक्षांकित प्रत तेथील मतदान प्रतिनिधींना देतो. ती प्रत त्या रात्री कार्यकर्त्याच्या खिशातच राहून गेली, तर मोजणीच्या दिवशी आपल्या माणसाजवळ ताडून पाहायला काहीच उरत नाही.

मोजणीची सुरुवात टपाली मतपत्रिकांनी होते आणि अर्ध्या तासानंतर यंत्रांची मोजणी सुरू करता येते. सप्टेंबर 2025 मध्ये निवडणूक आयोगाने ठरवल्याप्रमाणे टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी हाती घेतली जात नाही. दालनात सर्वसाधारणपणे 14 टेबले असतात, म्हणजे एका फेरीत 14 केंद्रांची कंट्रोल युनिटे (मते साठवणारा मतदान यंत्राचा भाग) मोजली जातात. एखाद्या विभागात 280 केंद्रे असतील तर 20 फेऱ्या होणार, असा हिशेब घरीच मांडता येतो. टेबलावर पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक असतात. पेटी उघडण्यापूर्वी तिचे सील, मग युनिटचा क्रमांक आणि कागदी सील प्रतिनिधींना दाखवले जाते. त्यानंतर युनिट सुरू करून रिझल्टचे बटण दाबले की एकेका उमेदवाराची मते पडद्यावर येतात. ती टिपून घ्यावीत, एकूण मते 17-ग शी जुळतात का ते पाहावे, आणि मगच दुसऱ्या भागावर सही करावी. पडदा चाललाच नाही किंवा आकडा जुळला नाही, तर ते युनिट बाजूला ठेवले जाते, आणि आवश्यकतेनुसार त्या केंद्रावरील व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतात.

याखेरीज, सर्वोच्च न्यायालयाच्या 8 एप्रिल 2019 च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा विभागातील पाच केंद्रे सोडत काढून निवडली जातात आणि त्यांच्या चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातात. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक आला तर चिठ्ठ्यांची संख्या ग्राह्य धरतात. हे काम सावकाश चालते आणि तोवर निम्मे प्रतिनिधी गुलाल शोधायला निघून गेलेले असतात. वास्तविक सोडतीच्या वेळी तरी जागेवर असायला हवे.

फेरमोजणीची मागणी एकूण मते जाहीर झाल्यावर लगेच, लेखी आणि कारणांसह करावी लागते. अधिकारी ती पूर्णतः किंवा अंशतः मान्य करतो अथवा फेटाळतो. निर्णयाची कारणे त्यालाही लेखी द्यावी लागतात. प्ररूप 20 या अंतिम निकालपत्रकावर सही झाली की ही वाट बंद होते. त्यानंतर प्ररूप 21-ग मध्ये निकाल घोषित होतो आणि विजयी उमेदवाराला प्ररूप 22 मधील प्रमाणपत्र दिले जाते. दोन उमेदवारांची मते समान झाल्यास कलम 65 प्रमाणे चिठ्ठी टाकली जाते.

इंदूरच्या 2024 च्या निकालात एक गोष्ट अनेकांना चकित करून गेली. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यानंतर ‘नोटा’ला 2,18,674 मते पडली आणि निवडून आलेले शंकर लालवानी यांच्यानंतरचा सर्वांत मोठा आकडा नोटाचाच ठरला. तरीही कायद्याच्या दृष्टीने दुसरा क्रमांक 51,659 मते मिळवणाऱ्या बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराचा, आणि विजयाचे अंतरही त्याच्यापासूनच मोजले गेले: 11,75,092. अनामत रकमेसाठीही नोटाची मते वैध मतांत धरत नाहीत. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराचे 25,000 रुपये, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे 12,500 रुपये, जप्त होतात.

या दुसऱ्या क्रमांकाला व्यवहारातही अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2024 च्या निर्णयानुसार प्रत्येक विधानसभा विभागातील पाच टक्के यंत्रांची पडताळणी मागण्याचा हक्क दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनाच आहे; त्यासाठी निकालापासून सात दिवसांत लेखी अर्ज करून खर्च भरावा लागतो आणि यंत्रात फेरफार आढळल्यास तो परत मिळतो. निवडणुकीलाच आव्हान द्यायचे असेल तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, आणि ती उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार करू शकतो.